त्या गाण्यात तीन भाकरी

आक्का गेली तो सोमवार होता. सकाळी आठला मी दुकान उघडलं. अकराला मिरचीच्या पथारीवरून निरोप आला. मी पोचलो तेव्हा ती पोत्याला टेकून बसली होती आणि बायका बाजूला उभ्या होत्या. पाचला आम्ही नदीवरून परत आलो. पंधराव्या दिवशी मी कामावर गेलो.

काम म्हणजे नंदुरबारच्या स्टेशन रस्त्यावरच्या मगनशेठच्या ग्रामोफोनच्या दुकानात मेकॅनिकची नोकरी. लढाईचा काळ होता. दुकानात शेठ विकायचे आणि मी दुरुस्त करायचो. मी सातवीची फायनल पास होतो आणि जेवणाच्या सुटीत पुस्तक वाचायचो, एवढ्यावर शेठनी माझं नाव मास्तर ठेवलं होतं. आक्का माझी थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि माझ्याकडे राहायला आली. खरं म्हणजे मीच तिच्याकडे राहत होतो. ती पथारीवर मिरच्यांचे देठ खुडायला जायची. पथारी म्हणजे शेताएवढं मैदान, त्यावर लाल मिरची वाळत घातलेली.

मी कामावर परतलो त्या दिवशी शेठनी मला समोर बसवलं आणि चहा मागवला. मग म्हणाले, "मास्तर, काम कर. कामानं बरं वाटतं." आणि कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट दाखवलं. "ही तेवढी बांधून ठेव. शनिवारच्या पार्सलनं मुंबईला परत धाडायची."

पेटीत एकाच रेकॉर्डच्या बारा प्रती होत्या. मी पेटीकडे पाहिलं आणि बांधली नाही. त्याचं कारण सांगतो.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर गावात तंबूचा सिनेमा आला होता. एक हिंदी बोलपट महिनाभर चालला. त्याच्या तीन रेकॉर्ड आल्या. नायकाच्या गाण्यांच्या दोन रेकॉर्ड हातोहात गेल्या. तिसरी पडून राहिली. तिच्यावर नायिकेच्या मावशीचं गाणं होतं. मावशी सबंध सिनेमात धान्य निवडते आणि एकदाच गाते. घरातलं माणूस परगावी निघालेलं असतं, आणि ती विचारत जाते, हे घेतलंस का, ते घेतलंस का. पाण्याचा तांब्या, घोंगडी, काठी, शिदोरी. बस, एवढंच गाणं. तंबूत लोक त्या वेळी विडी ओढायला उठायचे.

ज्या चार-सहा जणांनी रेकॉर्ड नेली त्यांनी ती परत आणली. तक्रार सगळ्यांची एकच. "शेठ, हाई खोटी बाई शे." तेव्हा सिनेमात एक बाई गायची आणि रेकॉर्डवर तेच गाणं कधीकधी दुसरीच म्हणायची. लोकांना वाटलं, हीपण तसलीच. शेठना तेच वाटलं. मलाही.

आक्काला नाही वाटलं.

तंबूवाले खेळाआधी वाजवायला आमच्या रेकॉर्ड न्यायचे, म्हणून आम्हाला सहाच्या खेळाचे फुकट पास मिळायचे. मला गर्दी सोसत नाही. मी घरी वाचत बसायचो. आक्का पथारीवरच्या मैत्रिणीला घेऊन जायची. तो बोलपट तिनं चारदा पाहिला. नायकाबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. ("हाऊ बावा गानं म्हनस का लिलाव करस?") मावशीचं गाणं मात्र तिच्या तोंडी बसलं. भाकरी थापताना ती ते गुणगुणायची. फार सावकाश म्हणायची, आणि शेवटच्या ओळीआधी थांबायची. मला वाटायचं, तव्यावरची भाकरी उलटायला थांबते.

समोरच्या शिंप्याच्या घरी आमच्याच दुकानातलं मशीन होतं. त्यानं ती रेकॉर्ड परत करण्याआधी चार दिवस वाजवली. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, आक्का चुलीपाशी बसून म्हणाली, "नाना, तुन्हा मशीनवर ते गानं पयस. तंबूमा ते चालस."

"गानाले काय पाय ऱ्हातस का आक्का?"

"पाय नही, दम ऱ्हास. तुन्हा मशीननी तिना दम खाई टाका." आणि परातीतलं पीठ दाखवून म्हणाली, "मी म्हनस तव्हय तीन भाकरी व्हतस. शिंपीनं मशीन वाजस तव्हय तिसरी मन्हा हातमाच ऱ्हाई जास. एक डाव मशीन घरी आन. मोजी देखू."

मी म्हणालो, "आक्का, मशीन मी दुरुस्त करस. तू भाकरी कर."

"करी ऱ्हायनू ना. म्हनीसन तं मोजता येस," ती म्हणाली आणि हसली. मी पुस्तकात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. बाकीचं वर लिहिलं आहे.

म्हणून ती पेटी मी बांधली नाही. शनिवारपर्यंत पाच दिवस होते. तिचं खरं की माझं, एवढंच मला पाहायचं होतं. पण पाहायचं कसं, ते सुचत नव्हतं. तंबू दुसऱ्या गावी गेला होता. मशीन घरी नेता आलं असतं, पण भाकरी थापणारं कोणी नव्हतं.

त्याच दुपारी सारंगखेड्याचे रणछोडभाई आले. तापीकाठचे केळीवाले शेतकरी. तिथल्या घोड्यांच्या यात्रेत घोडे घेणं-विकणं हा त्यांचा शौक. बाहेर निंबाला पांढरी घोडी बांधली आणि मशीन काउंटरवर ठेवलं. हे मशीन आमच्या दुकानातलं नव्हतं. त्यांच्या मेहुण्यानं सुरतेहून आणलेलं होतं. स्प्रिंग तुटली होती. यात्रेला नऊ दिवस होते आणि त्यांना मशीन यात्रेत न्यायचं होतं.

ग्रामोफोनचं पोट साधं असतं. चावी दिली की स्प्रिंग आवळते. ती सुटताना तबकडीचं ताट फिरवते. ताट सुसाट सुटू नये म्हणून आत तीन वजनं गरगरत असतात, त्याला गव्हर्नर म्हणतात. आणि कडेला एक बारीक स्क्रू असतो. तो इकडे पिळला की ताट जलद फिरतं, तिकडे पिळला की सावकाश. आमच्याकडे गव्हर्नरमध्ये हमखास मिरचीची पूड सापडायची. मशीन उघडताना मी तोंडाला रुमाल बांधायचो. गिऱ्हाइकांना तो डॉक्टरी थाट वाटायचा.

मी नवी स्प्रिंग बसवली, गव्हर्नर साफ केला, स्क्रू नेहमीसारखा कानानं जुळवला. म्हणजे दुकानाच्या दारातलं मशीन लावायचं, हातातलं मशीन लावायचं, आणि दोन्ही सारखी वाजेपर्यंत पिळायचं. सगळी मशीनं मी अशीच जुळवायचो. गिऱ्हाईक दुकानात ऐकून मशीन घेतं. घरी ते वेगळं वाजलं तर परत येतं.

रणछोडभाईंनी पिशवीतून रेकॉर्ड काढली. "आते हाई लाव."

मावशीचं गाणं होतं ते. आमच्याच दुकानातून नेलेलं.

"तुम्ही ही परत नाही आणली?" मी विचारलं.

"कसाले आनू? रोज वाजस मन्हा घर."

मी सुई ठेवली. दोन ओळी झाल्या आणि रणछोडभाईंनी हात वर केला. "थांब, थांब. हाई मन्हं गानं नही."

"मशीन तुमचं, रेकॉर्ड तुमची, रणछोडभाई."

"मंग बाई बदलनी. मन्ही बाई असी घाई नही करस. हाई तं गाडी पकडाले निंघनी."

शेठ गादीवरून म्हणाले, "भाई, मशीन नवं झालं. नव्या मशीनला जोर येतो."

"शेठ, घोडीले चारा जास्त घाला तं ती पयस, पन चाल बिघडस. मन्हं मशीन तू बिघाडी टाकं." त्यांनी दाराकडे बोट केलं. "मन्ही घोडीले ईचार. तिले बी हाई गानं माहीत शे."

घोडीचं मत मी घेतलं नाही. पण 'पयस' हा शब्द मी पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा ऐकत होतो.

मशीनबरोबर कंपनीचं लहान पुस्तक येतं. त्यात लिहिलेलं असतं की ताट मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा फिरलं पाहिजे. तपासायची रीतही दिलेली असते. रेकॉर्डच्या कडेखाली कागदाची चिठ्ठी सरकवायची, घड्याळ समोर धरायचं, आणि चिठ्ठी किती वेळा समोरून जाते ते मिनिटभर मोजायचं. पुस्तकं वाचणारा म्हणून गावात माझी ओळख होती. ते पुस्तक मी नोकरी लागली त्या आठवड्यात एकदा वाचलं होतं.

मी चिठ्ठी लावली. मोजलं. शहाऐंशी.

पुन्हा मोजलं. शहाऐंशीच.

मग दारातल्या मशीनखाली चिठ्ठी लावली. शेठ म्हणाले, "हे काय नवीन?" मी मोजत राहिलो. शहाऐंशी.

तेव्हा मला सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी शेठ म्हणाले होते, "मास्तर, बाजाराच्या गलक्यात आवाज मरतो. गाणं जरा चढव." मी दारातल्या मशीनचा स्क्रू पिळला होता. गाणं तरतरीत झालं. गाडीवाले वळून पाहू लागले. त्यानंतर जे मशीन विकलं, जे दुरुस्त केलं, ते मी त्या मशीनला जुळवलं. तीन वर्षं सबंध नंदुरबार मी लावलेल्या घाईत गाणी ऐकत होतं. नायकाची गाणी मुळातच उड्या मारणारी. त्यांना चार उड्या जास्त झाल्या, कोणाच्या लक्षात आलं नाही. मावशी तेवढी सापडली. ताट जलद फिरलं की सूरही चढतो. पोक्त बाईची पोर होते. लोक म्हणत होते ही बाई खोटी आहे. बाई खरी होती, आमचं मिनिट खोटं होतं.

मी रणछोडभाईंच्या मशीनचा स्क्रू मागे घेतला. ब्याऐंशी. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर. चावी भरली, सुई बदलली.

"आता ऐका."

आधी सारंगी आली. ती सारंगी आहे हे मला त्या दिवशी कळलं. आतापर्यंत मी तिला व्हायोलिन समजत होतो. मग मावशी. जाड, थोडा बसलेला, घरातला आवाज. तांब्या घेतलास का. घोंगडी घेतलीस का. प्रत्येक प्रश्नानंतर ती इतकीच थांबत होती की समोरच्यानं मान हलवावी. तबला तर जवळजवळ नव्हताच. कोणी मांडीवर बोटं वाजवावीत तसा होता. आणि शेवटच्या ओळीआधी ती बाई थांबली. तिनं श्वास घेतला. तो श्वास रेकॉर्डवर आहे, ऐकू येतो. अजून एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारायची नाही असं ठरवल्यासारखा श्वास. मग ती म्हणाली, जा, उशीर होईल. गाणं संपलं.

शहाऐंशीच्या चालीत तो श्वास म्हणजे खरखर होती. आक्का भाकरी उलटायला थांबत नव्हती.

मी सुई उचलली नाही. ती शेवटच्या रेघेत घासत राहिली.

"हाई शे मन्ही बाई," रणछोडभाई म्हणाले. मग माझ्याकडे वाकून पाहत म्हणाले, "मास्तर, डोयामा मिरची गई का?"

"हो," मी म्हणालो.

नंतर मी घड्याळ लावून दोन्ही मशीनवर गाणं मोजलं. बरोबर चालीत तीन मिनिटं दहा सेकंद. आमच्या चालीत दोन मिनिटं बावन्न. आक्काच्या हातात राहिलेली भाकरी अठरा सेकंदांची होती.

रणछोडभाई गेले. घोडी गाणं ऐकून शांत झाली असं ते जाताना म्हणाले. मी पाहिलं तेव्हा ती आधीही शांतच होती. मी शेठसमोर जाऊन उभा राहिलो.

"शेठ, गावातली आपली सगळी मशीनं पळतात. मीच तशी लावलीत."

शेठनी दाराकडे पाहिलं. "मास्तर, हेच जरा हळू म्हण." मग आवाज उतरवून म्हणाले, "किती?"

"दुरुस्तीच्या वहीत तेवीस आहेत."

"कोणाची तक्रार?"

"नाही."

"मग तू गप्प बस. खूश गिऱ्हाइकाला दुरुस्त करायचं नसतं. उद्या गाव म्हणेल, मगनशेठनं तीन वर्षं बिघडलेलं मशीन विकलं. मग मी काय विकू, मिरची?"

"तेवीस घरी जाऊन मी नीट करून येतो."

"आणि मी नको म्हटलं तर?"

मला दुसरं काम येत नव्हतं. घरात एकटा होतो, तरी पोट होतंच. मी म्हणालो, "तर दुसरा मेकॅनिक बघा. चुकलेलं मशीन आता माझ्या हातून जुळणार नाही."

शेठ सुपारी कातरू लागले. मग म्हणाले, "तुला आजच कसं कळलं? तीन वर्षं कान कुठे होते?"

मी त्यांना तीन भाकरींची गोष्ट सांगितली. सगळी. पुस्तकात डोकं घातल्याचीसुद्धा.

शेठनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे कंपनीचा इन्स्पेक्टर दोनदा येऊन गेला, त्याला कळलं नाही. आणि आपल्याला आक्कानं भाकरीवर पकडलं?"

"हो."

शेठ हसू लागले. मोठ्यानं, पोट हलवून हसले. चौदा दिवसांत माझ्यासमोर कोणी हसलं नव्हतं. मलाही हसू आलं. मग ते डोळे पुसत म्हणाले, "जा. पण दुकानाच्या वेळात नाही, रविवारी जा. आणि चूक म्हणू नको. तपासणी म्हण."

पेटी त्यांनी एक आठवडा थांबवली.

पहिल्या रविवारी मी समोरच्या शिंप्याकडे गेलो. तपासणी हा शब्द तोंडात तयार होता. त्याची आई म्हणाली, "ये रे नाना. आक्का त्या मावशीना गानावर मन्हासंगे भांडे, तुन्हं मशीन खोटं शे म्हने." मग मी चूकच म्हणालो. तिथून पुढे सगळीकडे चूकच म्हणालो.

लोक रागावले नाहीत. रागावले असते तर मला लागलं असतं. त्यांनी जे केलं ते जास्त लागलं. तेवीसपैकी अकरा घरांनी पंधरा दिवसांत मला परत बोलावलं आणि स्क्रू पूर्वीसारखा करायला सांगितलं. शिंपी म्हणाला, "नाना, मशीन म्हतारं व्हई गयं. पहिले कसं नाचे!" मी त्याला अठ्ठ्याहत्तरचं पुस्तक दाखवलं. तो म्हणाला, "पुस्तक तू वाच, माले नाच लागस." मी स्क्रू पिळून दिला. मालकाला माहीत असेल तर ती चूक राहत नाही, आवड होते.

बाजाराच्या दिवशी शेठनी दारातलं मशीन अठ्ठ्याहत्तरवर लावू दिलं, आणि मी मावशीचं गाणं लावलं. एक गाडीवान ओरडला, "शेठ, चावी भरा!" दोघं-तिघं थांबले, शिंकले आणि पुढे गेले. बाजारात मिरची असली की रसिकालाही शिंक येते. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा पथारीवरच्या दोन बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. तोंडावर पदर, बोटं लाल. त्यांच्यातली एक आक्काबरोबर तंबूत जायची ती. गाणं शेवटाकडे आलं. मावशी थांबली.

"आठे आक्का थांबे," ती बाई दुसरीला म्हणाली.

मी चौथ्यांदा लावलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि त्या कामावर गेल्या. त्यांच्याकडे मशीन नव्हतं. रेकॉर्ड घ्यायचा प्रश्न नव्हता.

बारांपैकी चार खपल्या. एक मी घेतली. उरलेल्या सात पुढच्या शनिवारच्या पार्सलनं मुंबईला गेल्या. ते गाणं पुढे कुठे गाजलं असं मी ऐकलं नाही. ज्या बाईनं ते म्हटलं तिचं नाव रेकॉर्डवर बारीक अक्षरात आहे, पण लेबलावर तेलाचा हात लागून ते पुसट झालं आहे. तो हात माझाच.

नंतर मी बरीच वर्षं तेच काम केलं. कोणी म्हणालं, ही रेकॉर्ड टाकाऊ आहे, की मी आधी चिठ्ठी लावून मोजायचो. दहातली आठ वेळा रेकॉर्ड खरंच टाकाऊ निघायची. तरी मोजायचो. गाण्याला नावं ठेवायला काही लागत नाही. ती ठेवण्याआधी एक मिनिट लागतं, घड्याळ लावून.

रेकॉर्ड माझ्याकडे आहे. कडेला एक चीर गेली आहे, सुई तिथे टक् करते. भाकरी करायला मी शिकलो. त्या गाण्यात माझ्या दोन होतात.